कपितानाला टक्कल कोणी पाडलं?

नोंग कार्पोच्या, म्हणजे कार्पोदादाच्या, कार्डावर सात ओळी होत्या. पहिलीत नाव होतं, पोलिकार्पो मगबानुआ. उरलेल्या सहा ओळींत त्या नावापुढे गावाने किती वाकावं याच्या सूचना होत्या. खासगी गुप्तहेर. गुन्हेगारांचा कर्दनकाळ. आंतरबेट तपासाचा प्रदीर्घ अनुभव. हरवलेली माणसं, गुरं व इज्जत शोधून मिळेल. नजर घारीची, कान सशाचे, तोंड थडग्याचं. आणि तळाशी जागा उरली होती म्हणून : रविवारी कोंबड्यांच्या झुंजीनिमित्त बंद.

प्रदीर्घ अनुभव खरा होता, नाही कोण म्हणतो? फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका मॉलच्या दारात उभं राहून त्याने सतरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या काठीने ढवळल्या होत्या. सतरा वर्षांत एकही बॉम्ब सापडला नाही. कार्पोच्या मते हा त्याच्या दराऱ्याचा पुरावा होता. बॉम्बवाल्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. निवृत्त होऊन तो पुंता ताबोनला, आपल्या समुद्रकाठच्या गावी परतला तेव्हा काठीही बरोबर आली. तेव्हापासून गावातलं एकही भांडं, एकही गाठोडं, एकही झोपलेलं कुत्रं तिच्या टोकापासून सुरक्षित राहिलेलं नव्हतं.

तेरोय हा त्याचा सहायक. या पदासाठी त्याने अर्जबिर्ज केला नव्हता. त्याने एवढंच केलं होतं की तरुणपणी कार्पोच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं आणि पुढे एक ट्रायसिकल घेतली. मोटरसायकलला डबा जोडलेलं ते वाहन गावात फिरवून चौपन्न वर्षांचा तेरोय पोट भरायचा. कार्पोला तपासासाठी वाहन लागे आणि वाहनाला चालवणारा लागे, म्हणून तेरोय सहायक. "गुप्तहेराच्या सहायकाने कमी बोलायचं असतं," असं कार्पोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कार्पोच्याच बहिणीबरोबर एकोणतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ते वेगळं शिकवायची गरज नव्हती.

तर, घड्याळं.

पुंता ताबोनमध्ये अंधुक दिसणारी सव्वीस म्हातारी माणसं होती. कोणाला काचबिंदू, कोणाचे डोळे साखरेने नेलेले, कोणाच्या नजरेत बरोबर मधोमध राखाडी भोक पडलेलं. त्यांचं मागणं फार नव्हतं. मोठ्या आकड्यांचं एक भिंतीवरचं घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचं एक कॅलेंडर. म्हणजे मग दिवसातून दहा वेळा सुनेला "किती वाजले गं?" विचारायला नको, आणि उत्तराआधी तिने सोडलेला उसासा ऐकायला नको. चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवलेल्या नांग इस्यांग, म्हणजे इस्यांगताई, या सव्वीसजणांच्या म्होरक्या. त्यांनी अर्ज लिहिला. स्वतःला वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहिल्यामुळे दोन ओळींचा मजकूर पाच कागदांवर पसरला. गावचा कपितान, म्हणजे सरपंच, तेओदुल्फो याने एवढा जाड अर्ज पाहिला, प्रकरण गंभीर आहे हे ओळखलं आणि दोन वर्षं विचार केला. तिसऱ्या वर्षी निवडणूक तोंडावर आली आणि विचार पूर्ण झाला.

घड्याळं आली. दोन फूट रुंद, आकडे तळहाताएवढे, सांगितल्याप्रमाणे. फक्त आकड्यांच्या मधे जी जागा असते, जिथे इतर घड्याळांत काहीच नसतं, तिथे कपितान होता. केस बाराला टेकलेले, हनुवटी सहाला. दाट काळेभोर केस, तितकीच काळी आडवी मिशी, आणि नाकाच्या शेंड्यातून निघालेले दोन काळे काटे. कॅलेंडरचंही तेच. खालच्या अर्ध्यात ठळक तारखा, वरच्या अर्ध्यात बारा महिन्यांचे बारा कपितान, जूनमध्ये छत्री घेऊन आणि डिसेंबरात लाल टोपी घालून. सव्वीस घरी कपितानाने जातीने जाऊन दोन्ही वस्तू टांगल्या, आणि प्रत्येक घरी स्वतःच्या चेहऱ्याकडे कौतुकाने बघताना स्वतःचा फोटो काढून घेतला.

तीन आठवड्यांनी सव्वीसांतल्या लोलो आम्बो या आजोबाचा ऐंशीवा वाढदिवस होता. दीर्घायुष्यासाठी करतात त्या पान्सितच्या शेवया खायला कपितान गेला, पहिला घास तोंडात घातला, भिंतीकडे मायेने पाहिलं, आणि घास घशात अडकला. केस गायब होते. मिशीही गायब होती. भिंतीवरून एक उकडलेलं अंडं त्याच्याकडे बघून हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्पो आणि तेरोय गावच्या कचेरीत कपितानासमोर बसले होते.

"हा माझ्यावरचा हल्ला आहे, नोंग कार्पो," कपितान म्हणाला. "सरळसरळ हल्ला. निवडणुकीला चार महिने आहेत."

"पोलिसांकडे गेला होतात, कॅप?"

"गेलो होतो. ते हसले."

"हसले? लिहून घे तेरोय. संशयित क्रमांक एक, पोलीस." कार्पोने खुर्ची पुढे ओढली. "आता एक नाजूक प्रश्न. तुमचे हे डोक्यावरचे केस खरे आहेत ना?"

"म्हणजे काय! खरेच आहेत!"

"तपासात काही गृहीत धरायचं नसतं," असं म्हणून कार्पोने काठीचं टोक कपितानाच्या भांगात घातलं आणि सतरा वर्षांच्या सवयीने ढवळलं. "खरे आहेत," त्याने जाहीर केलं. तेरोयने वहीत लिहिलं : केस, खरे. सहायकाचं काम काही सोपं नसतं.

तिथून दोघे लोलो आम्बोकडे गेले. कार्पोने भांडी ढवळली, उशी ढवळली, मग कोंबडीखालची अंडी ढवळायला निघाला तेव्हा कोंबडीने टोचून साक्ष द्यायला नकार दिला. हात चोखत कार्पो लोलोसमोर बसला.

"लोलो, नीट आठवून सांगा. कपितानाचे केस शेवटचे कधी पाहिलेत?"

"केस?" लोलो आम्बो विचारात पडला. "सहा वर्षं झाली, मी कोणाचेच केस पाहिले नाहीत. तू बोलतोस म्हणून तू आहेस असं मी धरतो."

"साक्षीदार काहीतरी लपवतोय," कार्पो तेरोयच्या कानात म्हणाला. ते पलीकडच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

"लपवायचंय काय त्यात? अरे, ते मीच तर..."

"मीच तर कपितानाचा सगळ्यात मोठा चाहता, असंच ना? सगळे तेच म्हणतात. चल तेरोय."

"नोंग, त्यांना वाक्य पुरं करू द्या ना," तेरोय म्हणाला.

"अर्ध्या वाक्यात ओळखतो त्याला गुप्तहेर म्हणतात. पुऱ्या वाक्यात ओळखतो तो शेजारी."

संध्याकाळपर्यंत कळलं की टक्कल पडलेले कपितान एकूण अकरा. चार दिवसांत ते एकोणीस झाले. साथच ती. कार्पोने वहीत गावाचा नकाशा काढला आणि टकलांच्या जागी गोल काढले. गोल जोडले की बदकाचा आकार होत होता. त्याने एक अख्खी सकाळ गावातल्या बदकं पाळणाऱ्यांना दरडावण्यात घालवली.

मग त्याला शास्त्रीय उपपत्ती सुचली. घड्याळातल्या सेलमधून एक वायू झिरपतो, तो काळा रंग खातो. केस काळे, मिशी काळी, दोन्ही गेले. गाल काळे नव्हते, ते राहिले. तेरोय म्हणाला, "नोंग, आकडेही काळेच आहेत. ते कुठे गेले?" कार्पोने त्याच्याकडे दयेने पाहिलं. कचेरीत एक जादा घड्याळ पडलं होतं, ते त्याने घरी आणून टांगलं आणि समोर खुर्ची टाकून तीन तास अखंड निरीक्षण केलं. त्यातले अडीच तास डोळे मिटलेले होते. उठून बघतो तर कपितानाचा एकही केस वाकडा झालेला नव्हता.

"सिद्ध झालं," कार्पो म्हणाला. "आपण बघत असलो की वायू बाहेर येत नाही. बेरकी आहे."

हे चालू असतानाच प्रकरण चिघळलं. लोला सेफा या आजीच्या घरी कॅलेंडरावरून कपितानाचं मुंडकं उडवलं गेलं. टोपी, चेहरा, कॉलर, सगळं एका सरळ रेषेत कापून नेलेलं. खाली फक्त तारखा. दुसऱ्या दिवशी आणखी पाच घरी तेच.

"आधी हजामत, मग शिरच्छेद," कार्पोने कपितानाला सांगितलं. "गुन्हेगार धीट होत चाललाय. तिसरी पायरी कागदावर नसेल, कॅप."

कपितानाचा हात आपोआप मानेकडे गेला. "कोण असेल?"

"कात्री कोणाकडे असते? वस्तरा कोणाकडे? आणि मागच्या निवडणुकीत तुमच्याकडून एक्केचाळीस मतांनी कोण पडलं?"

तिन्ही उत्तरं एकच होती. बिदोय न्हावी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची एका खुर्चीची केशकर्तनाची टपरी होती. निवडणुकीतला पराभव तो दुसऱ्याच दिवशी विसरला होता, कारण निवडून आला असता तर टपरी कोणी चालवायची हा प्रश्न त्याच्या बायकोने आदल्या रात्रीच विचारला होता.

"पण पुरावा हवा," कार्पो म्हणाला. पुरावा गोळा करायला तो नांग इस्यांगकडे गेला.

नांग इस्यांग दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या, बोटांनी. नजरेत मधोमध भोक पडल्यापासून त्यांना समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. म्हणून माणूस बघायचा तर त्या तोंड दुसरीकडे वळवायच्या. कार्पो समोर उभा राहिला तसं त्यांनी तोंड नारळाच्या झाडाकडे केलं.

"नजर चुकवतेय," कार्पो पुटपुटला. "गुन्ह्याची पहिली खूण."

"नोंग, त्या तुम्हाला बघताहेत," तेरोय म्हणाला.

"बस रे कार्पो," नांग इस्यांग नारळाच्या झाडाला म्हणाल्या. "तुला लहानपणी चड्ड्या मीच शिवल्यात. बोल."

कार्पोचा चेहरा पडला. कर्दनकाळाच्या चड्ड्यांचा विषय कार्डावर नव्हता. त्याने घसा खाकरला आणि भिंतीवरच्या त्यांच्या घड्याळाकडे, त्यातल्या सफाचट कपितानाकडे काठी रोखली. "नांग, तुम्ही जुन्या जाणत्या. हा पांढरा रंग कसला असावा? तुमचा अंदाज सांगा."

"अंदाज कशाला? नोव्हेंबरात थडग्यांना लावतो तोच. माझ्या नवऱ्याचं थडगं रंगवून अर्धा डबा उरला होता, त्यातला आहे."

कार्पोने वही फटकन मिटली. "थडग्याचा रंग! ऐकलंस तेरोय? विधवा बाई, नुसत्या आठवणीने रंग ओळखला. म्हणजे ते टक्कल नाहीच. ती कवटी आहे! कपितानाला कोणीतरी कळवतंय की तुझी जागा आता थडग्यात!"

"अरे, मी म्हणतेय की त्यातला..."

"पुरे, नांग. तुमच्या साक्षीने एक जीव वाचणार आहे." आणि तो ट्रायसिकलकडे धावला, कारण गुप्तहेराने चालत जाणं शोभत नाही.

तेरोय मात्र जागचा हलला नाही. त्याला नांग इस्यांगच्या बोटांच्या नखांशी वाळलेला पांढरा रंग दिसला. मग पडवीतला डबा दिसला, डब्यावर आडवा ठेवलेला ब्रश दिसला, आणि शिवणयंत्राच्या डोक्यावर ती मोठी कापडाची कात्री दिसली. त्याला हे सगळं दिसायला घारीची नजर लागली नाही. डोळे उघडे होते एवढंच.

"तेरोय, तुला काही विचारायचंय का?" नांग इस्यांग म्हणाल्या.

तेरोयच्या जिभेवर एकच शब्द होता, का? पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मिळालेलं उत्तर आज ना उद्या मेहुण्याला सांगावं लागलं असतं, मेहुण्याने ते कपितानाला. डोळ्यांच्या डॉक्टरची गाडी शहरातून महिन्यातून एकदा गावात यायची ती कपितानाच्या सहीने. सही करणारा माणूस चिडला तर कोणाचं काय जाणार हे तेरोयला कळत होतं.

"नाही, नांग. काही नाही."

"बघ बाबा. तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल म्हणून मी दोनदा कॉफी ठेवली."

पुढचं फार भरभर झालं. कवटी हा शब्द ऐकून कपितानाने आधी खिडक्या लावल्या, मग दोन गावरक्षक पाठवून बिदोयला टपरीवरून उचलून आणलं. तेही काम अर्धं झालेलं असताना. कचेरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बिदोय कानावर कंगवा अडकवून बसला, आणि त्याचं गिऱ्हाईक, एक मासेविक्या, डावीकडून सैनिक आणि उजवीकडून साधू असा गावभर मासे विकत फिरायला लागला. बारा वाजता बास्केटबॉलच्या मैदानात सगळ्या गावाला बोलावलं आहे, नोंग कार्पो गुन्हेगार जाहीर करणार आहेत, असा पुकारा झाला.

तेरोयने टपरीसमोरून दोन फेऱ्या मारल्या. बिदोयची बायको रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालत होती. तिसऱ्या फेरीला तिने त्याला हाक मारली. "तेरोय, तुझ्या मेहुण्याला सांग ना, ह्यांना घड्याळातला सेलसुद्धा बदलता येत नाही. खून कुठला करतील?"

तेरोयने गाडी वळवली ती थेट नांग इस्यांगच्या दारात उभी केली.

"नांग, त्यांनी बिदोयला धरलंय. तुमच्या रंगापायी."

नांग इस्यांगने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "मग इतका वेळ काय फिरत होतास? चपला कुठेत माझ्या? उजवीकडे बघ. काढ गाडी."

मैदानात पत्र्याच्या छपराखाली सगळं गाव जमलं होतं, कारण जेवणाच्या वेळेला बोलावल्यावर काहीतरी खायला असेल असा लोकांचा समज झाला होता. पहिल्या रांगेत नांग इस्यांग सोडून ती पंचवीसजण. बास्केटबॉलच्या रिंगखाली कपितानाने ते जादा घड्याळ टांगलं होतं, ज्याच्यातला कपितान अजून केसमिशीसह धडधाकट होता. खाली बिदोय बसला होता. कार्पो फेऱ्या मारत बोलत होता.

"टक्कल हा न्हाव्याचा शिक्का! शिरच्छेद ही वस्तऱ्याची धमकी! आणि थडग्याचा रंग हा त्याचा निवडणूक जाहीरनामा! नाकबूल आहे, बिदोय?"

बिदोयने कोणाच्या तरी घरून आणलेलं एक टकलं घड्याळ उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे काम माझं? अरे, बघा जरा! कानावर रंग गेलाय! कल्ले एक वर एक खाली! वीस वर्षं या गावाची डोकी करतोय मी. खुनी म्हणायचं तर म्हणा, पण हे काम माझ्या नावावर लावू नका!"

गावाला हे पटलं. बऱ्याच जणांनी आपापल्या कल्ल्यांना हात लावून पाहिला.

कपितानाने माइक हातात घेतला. "कोणी का असेना, मी अपमान सहन करणार नाही. गुन्हा कबूल होईपर्यंत सगळी घड्याळं आणि कॅलेंडरं जप्त. आज संध्याकाळीच गोळा करतो."

लोलो आम्बोने शेजारच्या लोला सेफाचा हात चाचपून धरला. "म्हणजे पुन्हा सुनेला विचारायचं," तो हळूच म्हणाला. माइक जवळ होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. त्याच्या सुनेनेही. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात ट्रायसिकल फटफटत थेट मैदानात शिरली. डब्यातून नांग इस्यांग उतरल्या, तेरोयच्या दंडाला धरून घड्याळाखाली आल्या आणि म्हणाल्या, "मी केलं."

"नांग, तुम्ही साक्षीदार आहात," कार्पो दबक्या आवाजात म्हणाला. "मधेच गुन्हेगार होऊ नका, माझा क्रम चुकतो."

"काच काढून केस मी रंगवले, मिशी मी रंगवली. आधी माझ्या घड्याळात, मग ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्या. कॅलेंडरंही मीच कापली. सकाळपासून सांगतेय, ऐकून कोण घेतोय?"

कपितान लाल झाला. "तुम्ही? का पण? मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. कॅप, एक सांगा. किती वाजले?"

"काय?"

"किती वाजले? तुमचे डोळे धड आहेत. घड्याळ मागेच आहे."

कपितानाने मनगट वर केलं.

"हातातलं नको. तुम्ही आम्हाला दिलेलं. भिंतीवरचं."

कपितान वळला. मान वर करून त्याने स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले. दोन पावलं पुढे गेला, एक मागे आला. गाव बघत होतं. वरून तो हसत होता, खालून तो घामाघूम झाला होता.

"मी सांगतो," घारीची नजर पुढे सरसावली. कार्पोने काठी उगारली, कपाळावर आठी घातली आणि निर्णय दिला. "पावणेतीन!"

"पावणेतीन वाजेपर्यंत उपाशी ठेवलंत आम्हाला?" मागून कोणीतरी ओरडलं.

"ती मिशी आहे, नोंग," तेरोय म्हणाला.

पुष्कळ वर्षांत तो चारचौघांत एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलला असावा. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, पण आता तोंड उघडलंच होतं. त्याने कार्पोच्या हातातली काठी घेतली आणि घड्याळावर टेकवली. "पावणेतीन दिसतं ती मिशी. काटे वर आहेत, केसांत. दोन्ही. बारा वाजून तीन मिनिटं झालीत. काळ्यावर काळं, दिसणार कसं?"

"दहापासून दोनपर्यंत वेळच नसते या घड्याळात," नांग इस्यांग म्हणाल्या. "काटे तुमच्या केसांत शिरले की आम्ही बसायचं वाट बघत, कधी कपाळावर उतरताहेत. आणि एरवी बघावं तर पावणेतीन. मोठे आकडे दिलेत, उपकार झाले. पण आकड्यांकडे बोट दाखवणारं काही दिसायला नको? पांढऱ्यावर काळा काटा मला कडेच्या नजरेने लांबून दिसतो. म्हणून पांढरं केलं."

"मला डॉक्टरने डोळ्यांत थेंब सांगितलेत, दुपारी पावणेतीनला," लोलो आम्बो उठून म्हणाला. "घड्याळ आलं त्या दिवशी मी उठलो, पावणेतीन. थेंब घातले. आंघोळ करून आलो, पावणेतीन. पुन्हा घातले. जेवलो, पावणेतीन. बाटली संपली कॅप, पावणेतीन संपेनात."

आता मैदानात जे हसू सुटलं त्यात बिदोयही होता आणि अर्धा भादरलेला मासेविक्याही. लोलोची सून तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या दिवशी लोलोचे डोळे दिवसभर का चुरचुरले ते तिला आता कळत होतं. तो तिला विचारायला आला नव्हता, कारण घड्याळ मिळालं होतं.

"आणि मुंडकी?" कपितानाने क्षीण आवाजात विचारलं. "मुंडकी का उडवलीत?"

"खिळा आहे तिथेच आहे भिंतीत," लोला सेफा म्हणाली. "सिमेंटची भिंत, दुसरा ठोकता येत नाही. त्या खिळ्याला कॅलेंडर टांगलं की तुम्ही माझ्या नाकासमोर आणि तारखा माझ्या गुडघ्यापाशी. मला तारीख कळायला नाक लावावं लागतं. रोज ओणवं व्हायचं का मी? कापल्यावर तारखा वर आल्या."

"ते चेहरे... टाकून दिलेत?"

"छे! टाकीन कशी? कागद जाड आहे, मागून कोरा आहे. त्याच्यावर मी मुलांचे फोन नंबर लिहिलेत, वीतभर अक्षरात. तुमच्या सप्टेंबरच्या मागे माझी सेबूची मुलगी आहे."

कपितान गावाकडे वळला. समोर सगळं गाव होतं, म्हणजे सगळी मतं. राग आणि हिशेब यांची त्याच्या चेहऱ्यावर थोडा वेळ झटापट झाली. जिंकलं कोण हे त्याने माइक तोंडाजवळ नेला त्यावरूनच तेरोयला कळलं.

"बंधुभगिनींनो," कपितान म्हणाला, "मला हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. लोक आपली अडचण बोलतात की नाही, हे मला बघायचं होतं. आजपासून ही सुधारित घड्याळं गावाची अधिकृत घड्याळं! उरलेली सात मी स्वतः उभा राहून रंगवून घेईन!"

टाळ्या पडल्या. सव्वीसजणांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्यांना घड्याळाशी मतलब होता.

"हा देखावा उभा करायला मला सहा दिवस लागले," कार्पोने पुढे होऊन सांगितलं. "बिदोय निर्दोष आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग मला सकाळपासून कशाला बसवून ठेवलं?" बिदोय म्हणाला.

"तुझ्या रक्षणासाठी."

"कोणापासून?"

यावर कार्पोने तेरोयला गाडी काढायला सांगितलं. तेरोय म्हणाला, "तुम्ही चालत या नोंग. गाडीत जागा नाही." डब्यात नांग इस्यांग, लोला सेफा आणि लोलो आम्बो आधीच बसले होते. कर्दनकाळ उन्हातून काठी टेकत घरी गेला, आणि घरी जाऊन वहीत लिहिलं : प्रकरण उकललं. उकलणारा : पो. मगबानुआ. सहायकाने शेवटी थोडी मदत केली.

कपितान निवडून आला. एवढं झाल्यावर तो निवडून येणारच होता. नव्या वर्षी त्याने शहरातून नवी घड्याळं मागवली, आणि ती खरोखर चांगली होती. पांढरीशुभ्र तबकडी, काळे आकडे, जाड काळे काटे, बारा वाजतासुद्धा बारा वाजलेले दिसायचे. कॅलेंडरांवर वरपासून खालपर्यंत नुसत्या तारखा. नांग इस्यांगने यावेळी नमुना आधी आपल्याकडे मागवून, तोंड नारळाच्या झाडाकडे करून, नीट तपासून घेतला होता. कपितानाने एकच हट्ट धरला. घड्याळात सहाच्या आकड्याखाली अंगठ्याच्या नखाएवढा त्याचा फोटो राहिला. नांग म्हणाल्या, तेवढा असू दे, कोणाला दिसतोय.

मार्च महिन्यात एका दुपारी तेरोय लोलो आम्बोला डोळ्यांच्या डॉक्टरच्या गाडीपाशी न्यायला आला तेव्हा लोलो ओलं फडकं घेऊन भिंतीशी उभा होता आणि घड्याळाची काच घासत होता.

"काय करताय लोलो?"

"अरे, सहाच्या खाली कसलासा डाग पडलाय. माशी बसली असेल. दर शनिवारी घासतो, निघतच नाही. तुला दिसतं ना धड? बघ बरं काय आहे ते."

तेरोय खुर्चीवर चढला. काचेआडून कपितान तेओदुल्फो, केसमिशीसह, सगळ्या गावाकडे बघून हसत होता.

"डागच आहे, लोलो," तेरोय म्हणाला. "द्या इकडे फडकं." आणि त्याने जोर लावून घासायला सुरुवात केली.